घर आवरू या, पण उतरण वाटू नका

वर्षावास संपत आला की आपल्या वस्त्यांमध्ये घरे धुवायला निघतात. गोधड्या वाळत पडतात, मांडणीवरची भांडी खाली येतात, भिंतींवर डिस्टेंपरचा हात फिरतो. अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर तोंडावर आलेले असतात. माळ्यावरच्या पेट्या उघडल्या की त्यातून काय काय निघते! लहान झालेले कपडे, बंद पडलेला मिक्सर, जुन्या चष्म्यांच्या डब्या, मोठ्या बाईंच्या आजारपणातला वॉकर, अर्धवट संपलेली औषधे. दोन दिवस हा पसारा दारात पडून राहतो आणि तिसऱ्या दिवशी 'राहू दे, लागेल कधीतरी' म्हणून पुन्हा माळ्यावर चढतो.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे काही भगिनींना वाटेल. आम्ही काही जणींनी वॉर्डात सिस्टर म्हणून वर्षे काढली आणि आता वस्त्यांमधून आरोग्याचे काम करतो. घरोघरी फिरताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. एका घरात वस्तू पडून राहिल्यामुळे माणसे आजारी पडतात आणि दोन गल्ल्या पलीकडच्या घरात तीच वस्तू नसल्यामुळे माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून हा विषय आरोग्याचाच आहे.

पसाऱ्याचे दुखणे

आपली घरे किती मोठी? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टीतली त्याहूनही लहान. अशा खोलीत सामान वाढले की ते आधी खिडकी खाते. खिडकीच्या कठड्यावर डबे, खिडकीसमोर कपाट, कपाटावर गाद्या. हवा आणि ऊन दोन्ही बंद. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. खोकणाऱ्याच्या तोंडून उडालेले बारीक कण कोंडलेल्या खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर ते पांगतात, विरळ होतात. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर औषधांच्या बरोबरीने आम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, खिडकी मोकळी करा. पण खिडकी मोकळी करायची तर तिच्यासमोरचे सामान कुठेतरी गेले पाहिजे.

दुसरे दुखणे डासांचे. छपरावर आणि मोरीमागे ठेवलेले फुटके माठ, टायर, रंगाचे रिकामे डबे यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला भांड्याच्या भिंतीवर अंडी घालतो. पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळाले की आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही. भांडे आतून घासायला हवे, आणि ज्या भांड्याचा उपयोगच नाही ते घराबाहेर जायला हवे.

तिसरे उंदरांचे. अडगळ ही उंदरांची हक्काची वसाहत. त्यांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे किती रुग्ण आले, ते त्या काळी रुग्णालयांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. शिवाय जुन्या गाद्यांतले ढेकूण आणि धूळ; दमेकरी लेकराचा खोकला रात्रीच का वाढतो, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या उशाशी असते.

आणि चौथे, ज्याकडे कुणी आजार म्हणून पाहत नाही, ते म्हाताऱ्या माणसांचे पडणे. रात्री लघवीला उठलेली आजी वाटेतल्या गाठोड्याला अडखळते. खुब्याचे हाड मोडते. मग अंथरूण, मग पाठीला जखमा, मग छातीत कफ. ही साखळी वॉर्डात आम्ही फार वेळा पाहिली आहे. बिछान्यापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी ठेवणे हा म्हाताऱ्या माणसासाठी औषधाइतकाच मोठा उपाय आहे.

गरिबाच्या घरात वस्तू का साठतात

हल्ली कमीत कमी वस्तूंत राहण्याचे धडे सगळीकडे मिळतात. जी वस्तू आवडत नाही ती टाका, उद्या लागली तर विकत घ्या, असा त्यांचा सूर असतो. हा सूर ज्याच्याकडे उद्या विकत घ्यायला पैसे आहेत त्याचा. आपल्या आया-आज्यांनी दुष्काळ काढले, खडी फोडली, गाव सोडून शहरात आल्या. त्या सुतळीचा तुकडा जपून ठेवतात, डालड्याचा डबा टाकत नाहीत. याला हाव म्हणू नये. ज्याने 'नाही' हा शब्द आयुष्यभर ऐकला, तो 'असू दे' म्हणणारच. त्यामुळे सासूबाईंच्या पेटीवर सुनेने परस्पर हात टाकू नये. त्यांच्याशी बोलावे, त्यांच्या हातूनच वस्तू बाहेर जाऊ द्यावी. आपण दिलेली वस्तू कुणाच्या कामी आली हे कळले, तर म्हातारी माणसे आपल्यापेक्षा मोकळ्या हाताने देतात, असा आमचा अनुभव आहे.

घर आवरताना आम्ही दोनच प्रश्न विचारायला सांगतो. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे एक वर्षाचे चक्र फिरून गेले, त्यात ही वस्तू एकदा तरी वापरली का? आणि आज कुणाला तिची गरज आहे का? पहिल्याचे उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचे 'हो' असेल, तर ती वस्तू चुकीच्या घरात आहे.

आपली आणि उतरणीची जुनी ओळख

इथे एक अडचण येते, आणि ती लहान नाही. जुन्या वस्तू दुसऱ्याला देण्याचा विषय काढला की आपल्यातले वडीलधारे गप्प होतात. का होणार नाहीत? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला काय द्यावे याची यादीच आहे. उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, निकस धान्य आणि घरातले जुने सामान. आपल्या पूर्वजांना जुने कपडे मिळत नव्हते असे नाही. जुनेच कपडे मिळत होते, आणि त्यांनी जुनेच वापरावेत असा दंडक होता. मढ्यावरचे कापड हा महारांचा 'हक्क' मानला जाई. अशा हक्काची किंमत माणूसपणाने मोजावी लागे.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचा निर्धार करायला लावला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्यानंतर जमलेल्या महिलांना बाबासाहेबांनी सांगितले की अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाका, लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा, स्वच्छ राहा. आमच्या मते आपल्या समाजाने केलेली ती पहिली मोठी आवराआवर होती. जे आपल्याला हलके ठरवते ते आधी घराबाहेर, असा तिचा नियम होता.

म्हणून कुणी जुनी वस्तू घ्यायला नकार दिला तर त्याला अहंकारी म्हणू नका. तो नकार आपल्या चळवळीने कमावलेला आहे. आणि जुने कपडे वाटण्याचे जे कार्यक्रम आपल्याकडे होतात, त्यांच्याकडे जरा तपासून पाहा. एका बाजूला फ्लॅटमधून आलेली मंडळी, दुसऱ्या बाजूला रांगेत उभी मुले, मध्ये बॅनर, हातात बटणे तुटलेला शर्ट आणि समोर मोबाइलचा कॅमेरा. फोटो त्याच संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर फिरतो. दुसऱ्या दिवशी तो शर्ट घालून शाळेत गेलेल्या मुलाला वर्गातली पोरे काय म्हणतात, ते कुणी विचारत नाही. देणारे आपलेच आणि घेणारेही आपलेच असले, तरी ही उतरणच. शिकून पुढे गेलेल्यांनी मागे राहिलेल्यांसाठी नवी वेस बांधावी, यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले नाही.

मग काय करायचे? देणेच थांबवायचे? तसे केले तर वॉकर माळ्यावर गंजत राहणार आणि म्हातारी अंथरुणात कुजत राहणार. आमचे म्हणणे असे की देणे थांबवू नका, देण्याची रीत बदला. आणि ती रीत आपल्याला बाहेर शोधायला जायची गरज नाही.

विनयातली शिकवण

उदयन राजाच्या राण्यांनी भंते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला संशय आला, एवढ्या चीवरांचे हा भिक्खू करणार काय? त्याने आनंदांना विचारले. आनंदांनी सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही देऊ. मग ती जुनी? त्यांचे पांघरूण करू. जुन्या पांघरुणांचे गादीचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांची अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची फडकी, आणि फडकी झिजली की ती कुटून मातीत कालवून जमीन लिंपायची. राजाचे समाधान झाले. आपल्या आया जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत आल्या, तो हाच विचार. या कथेत एक गोष्ट लक्षात घ्या. नवे चीवर गरजवंताला गेले आणि जुने पायपुसण्याला. आपण मात्र नवे स्वतःला घेतो आणि पायपुसणे करण्यालायक जे असेल ते दुसऱ्याला नेऊन देतो.

दुसरी गोष्ट आम्हा सिस्टर लोकांच्या अधिक जवळची. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदांच्या साहाय्याने स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले, आणि ज्यांना माझी सेवा करायची असेल त्यांनी आजाऱ्याची सेवा करावी असे संघाला सांगितले, हे पुष्कळांना माहीत आहे. पण विनयात त्याच्यापुढचा नियमही आहे. आजारी भिक्खूचा मृत्यू झाला तर त्याचे चीवर आणि पात्र संघाने त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे. इतर लहानसहान वस्तू हजर असलेल्या संघाने वाटून घ्याव्यात. मोठ्या वस्तू मात्र कुणा एकाच्या नाहीत, त्या चारी दिशांच्या संघाच्या, म्हणजे आलेल्यांच्या आणि अजून न आलेल्यांच्याही.

यात आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे आहेत. मेलेल्या माणसाची वस्तू अपशकुनी असते, म्हणून वॉकर किंवा व्हीलचेअर कुणाला देऊ नये आणि घेऊही नये, असे आजही आपल्या वस्त्यांत ऐकायला मिळते. तथागतांच्या संघात मृताचे पात्र ही सेवेची पावती होती, त्यात अपशकुन कसला? आणि दुसरे उत्तर असे की वस्तू संघाची झाली की देणारा मोठा आणि घेणारा लहान उरत नाही. घेणारा संघाकडून घेतो, म्हणजे स्वतःच्याच घरातून घेतो.

विहारात एक कपाट

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात रुग्णसाहित्याचे एक कपाट असावे आणि त्याची एक वही असावी. वस्तू कुणी दिली ते वहीत लिहू नका. कोणती वस्तू, कधी आली, कुणाकडे आहे, परत केव्हा येणार, एवढेच लिहा. महिला मंडळातल्या दोघींनी आठवड्यातून एक संध्याकाळ कपाट उघडावे. फोटो नाही, भाषण नाही, रांग नाही. ज्याला लागेल त्याने यावे, निवडावे, वहीत नोंद करावी, काम झाले की पुसून परत आणावे. ज्याने आज कुबड्या नेल्या तो उद्या लेकराची झबली आणून ठेवील.

काय ठेवावे? वॉकर, काठी, कुबड्या, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, बेडपॅन, पाठीला टेकायची खुर्ची, हवेची गादी, वाफेचे यंत्र. वॉकर आणि कुबड्यांच्या खालची रबरी बुटे झिजलेली असतील तर आधी बदला. ती गुळगुळीत झाली की फरशीवर सरकतात आणि आधारच घात करतो. सगळे साहित्य साबणाच्या पाण्याने धुवा, ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, कडक उन्हात वाळवा. वाफेचे म्हणजे नेब्युलायझरचे यंत्र चालेल, पण मास्क आणि नळी प्रत्येक रुग्णाची वेगळी.

कपडे द्यायचे तर धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून द्या. स्वतःच्या बहिणीला देताना लाज वाटेल असा कपडा कुणालाच देऊ नका, त्याचे फडके करा. घरात कुणाला खरूज झाली असेल तर कपडे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय घराबाहेर काढू नका. आतले कपडे जुने देऊ नयेत. बाळाची दुपटी, झबली, मच्छरदाणी अवश्य द्या. दुधाची बाटली आणि बूच मात्र नको. ती जुनीही नको आणि नवीही नको, बाळाला अंगावरचे दूध आणि पुढे वाटी-चमचा.

काय अजिबात देऊ नये

औषधे. हे आम्ही ठळकपणे सांगतो. 'मला याच गोळीने बरे वाटले होते' म्हणून शेजारणीला पाकीट देणे हे दान नाही. एकाची रक्तदाबाची गोळी दुसऱ्याला चक्कर आणून पाडू शकते. उरलेली अँटिबायोटिक दुसऱ्याने दोन दिवस घेतली की त्याचा आजार अर्धवट दबतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मुळात अँटिबायोटिक उरायलाच नको. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस ती पूर्ण घ्यायची. क्षयाची औषधे उरली असतील तर ती आरोग्य केंद्रावर परत द्या आणि ती का उरली तेही सांगा.

साखर तपासण्याचे यंत्र द्यायला हरकत नाही, पण बोटाला टोचायचे पेन कधीही देऊ नका. सुई बदलली तरी त्या पेनाला लागलेल्या रक्तातून काविळीचे जंतू पसरू शकतात. पट्ट्यांची तारीख बघा. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा तसाच वापरायला देऊ नका, चांगली फ्रेम द्या आणि काच नंबर काढून बसवू द्या. मधुमेही माणसाने दुसऱ्याच्या पायाला बसलेली चप्पल घालू नये. पाय सुन्न असला की फोड आलेला कळत नाही आणि बोट गमवायची वेळ येते. पाऱ्याचा थर्मामीटर, गॅसची जुनी रबरी नळी, शिट्टी न होणारा कुकर, तडा गेलेले हेल्मेट या वस्तू कुणाला देणे म्हणजे आपला धोका दुसऱ्याच्या घरी पोचवणे.

आणि टाकतानाही विचार करा. आपण फेकलेला कचरा शेवटी कुणाच्या हातात जातो? कचरा वेचणाऱ्या भगिनी बहुतेक आपल्याच समाजातल्या. त्यांनी पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली आणि आपले काम हे काम म्हणून मान्य करून घेतले. त्यांच्या हाताला इन्सुलिनची सुई टोचू नये म्हणून सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, बूच घट्ट लावून चिकटपट्टी मारा. फुटकी काच कागदात गुंडाळून वर तसे लिहा. भंगार आणि रद्दी त्यांना सरळ हातात द्या. त्यावर त्यांचे पोट आहे.

नवे ते नवेच

शेवटी दोन गोष्टींबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. शाळेत जाणाऱ्या मुलाचे दप्तर, वही आणि गणवेश शक्यतो नवाच द्यावा. महापुरुषांना अभिवादन करताना हार-फुलांऐवजी 'एक वही एक पेन' आणा, असे आवाहन करणारी मोहीम आपल्या चळवळीने उभी केली. कोरी वही उघडण्याचा आनंद त्या लेकराचाही आहे. पाठ्यपुस्तके आणि वाचनाची पुस्तके मात्र हातोहात फिरू द्या. ग्रंथ ही अडगळ नव्हे. बाबासाहेबांनी राजगृह बांधताना ग्रंथांसाठी जागा ठेवली होती. पुस्तके वाचणाऱ्याच्या घरी जावीत, रद्दीत नव्हे.

दुसरे, विहारातले कपाट म्हणजे सरकारला सुट्टी नव्हे. गरीब ज्येष्ठ नागरिकांना काठी, वॉकर, कानाचे यंत्र, चष्मा मोफत मिळावा म्हणून केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, तिच्यात ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींच्या खात्यात साहित्यासाठी एकवेळ ३,००० रुपये जमा करण्याची तरतूद आहे. वस्तीतल्या किती आजी-आजोबांचे अर्ज भरले गेले? जी भगिनी कपाटाची वही सांभाळील, तिने अर्जांचीही एक यादी ठेवावी. सरकारकडून मिळायचे ते हक्काने मागायचे. ते हाती पडेपर्यंत म्हातारीने जमिनीवर सरपटत मोरीला जाऊ नये, एवढ्यासाठी आपले कपाट.

तेव्हा या १४ ऑक्टोबरच्या आत तीन कामे करा. घरातली एक खिडकी मोकळी करा. आजी-आजोबांच्या बिछान्यापासून मोरीपर्यंतची वाट मोकळी करा. आणि माळ्यावरचे रुग्णसाहित्य खाली काढून, धुऊन, रबर बदलून विहारात नेऊन ठेवा. वही आणि पेन आम्ही आणतो, कपाटासाठी भिंत तुम्ही ठरवा.

जयभीम.